नाही म्हणणारे यंत्र

परवा पुतण्या आला होता. टेलिकॉममध्ये इंजिनिअर आहे. हल्ली फोनवर आवाज मधेच तुटतो अशी तक्रार मी केली, तर त्याने माझीच शिकवणी घेतली. जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलो, आता बाकावर बसायची पाळी माझी! माझ्या बी.ए.च्या बुद्धीला जे समजले ते लिहितो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

पूर्वी फोन लागला की बोलणे संपेपर्यंत ती वाट आपल्यापुरती राखलेली असे. आता बोलणे, ई-मेल, सिनेमा.. सगळ्याचे बारीक तुकडे होऊन एकाच रस्त्याने जातात. ई-मेल दोन सेकंद उशिरा पोचली तर काही बिघडत नाही. बोलणे मात्र १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोचावे, म्हणजे खटकत नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस तसे सांगते.

मग गर्दी झाली तर? याच संघाने २००६ साली वाय.२१११ ही शिफारस काढली. नवा कॉल आला की आधी वाटेवर जागा आहे का ते पाहायचे. असेल तर राखायची, नसेल तर कॉल नाकारायचा. कारण दाटीवाटीने आत घेतला तर त्याचे बोलणे तुटेलच, आधीपासून बोलणाऱ्यांचेही तुटेल. त्याच वर्षीच्या वाय.२१७१ मध्ये प्रवेशाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. सर्वात वरची आणीबाणीच्या संपर्कासाठी.

"अरे, म्हणजे नाही म्हणणे हीसुद्धा सेवाच?"

"हो काका. फक्त ते लगेच म्हणायला हवं."

मी गप्प झालो. मला १९७६ साल आठवले.

तेव्हा मी कोकणात नोकरीला होतो. आई सांगलीला आजारी. सकाळी आठला पोस्टात जाऊन शेजारच्या डॉक्टरांच्या नंबरला ट्रंक कॉल बुक केला. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार असत, आणि दर चढते. महिनाअखेर होती. मी ऑर्डिनरी सांगितला.

"लागेल मास्तर, बसा."

बसलो. दहाची सांगलीची एसटी डोळ्यांदेखत गेली. "लागेल, लागेल" ऐकत दिवस गेला. संध्याकाळी साडेसातला कॉल लागला. आवाज अगदी स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, "मास्तर, लगेच निघा. सारखं तुमचं नाव घेताहेत."

पुढची गाडी पहाटेची होती. मी पोचण्याआधीच आई गेली.

पोस्टातल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात काय होते? पैसे तर मीच वाचवले. पण "आज काही खरं नाही, तुम्ही गाडी पकडा" एवढे कुणी म्हटले असते तर..

आणि मी तरी काय वेगळा वागलो? वर्ग भरलेला असताना कितीतरी पालकांना "बघू" म्हणून जूनभर हेलपाटे घालायला लावले. सरळ नाही म्हटले असते तर त्यांनी दुसरी शाळा गाठली असती. यंत्राला जे २००६ साली शिकवले गेले, ते मला निवृत्त होईपर्यंत जमले नाही.

असो. तुमच्याही ट्रंक कॉलच्या आठवणी असतील. जरूर कळवा.