काचेच्या कपाटासमोर

मालवणच्या बाजारपेठेत खाजा घ्यायला फारसे बोलावे लागत नाही. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यांवर गुळाचा पाक आणि पाकात आले, हे तिथे लहानथोरांना ठाऊक असते. गावात कापडाचे दुकान असलेल्या एका जैन कुटुंबातील आजींनी मात्र तो कधी चाखलेला नाही. कंदमूळ त्यांना वर्ज्य. एका खाजेवाल्याला हे इतके पाठ झाले आहे की तो स्वतःहून सांगतो, "आजी, ह्येच्यात आलां आसा." आजी हसतात आणि शेंगदाण्याचे लाडू घेतात.

यंदा नात पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झाली. तिने मागणे मागितले ते मॅकरॉनचे. पॅरिसच्या ल कॉर्दों ब्ल्यू संस्थेत शिकलेल्या पूजा धिंग्रा यांनी २०१० मध्ये मुंबईत आपले पेस्ट्रीचे दुकान सुरू केले; पुढील काही वर्षांत ही रंगीत फ्रेंच मिठाई शहरांत ओळखीची झाली आणि मोबाइलवरून मालवणच्या मुलींपर्यंतही पोहोचली. आत्या पणजीत राहते. सुट्टीत तिच्याकडे गेल्यावर एका संध्याकाळी तिघी तशाच एका उंची दुकानात गेल्या. आजींचा चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी परतायचे होते.

आत गारवा, मंद संगीत आणि लांबलचक काचेचे कपाट. नातीने गुलाबी मॅकरॉनकडे बोट दाखविले. आजींनी विचारले, "यात काय काय घालतात?"

"सगळं व्हेज आहे," काउंटरवरील तरुण हसून म्हणाला.

"अंडे नाही ना?"

"फक्त पांढरा भाग असतो. चव अजिबात लागत नाही."

मागे रांग वाढत होती. कुणीतरी घड्याळाकडे पाहिले. नात आजींचा पदर ओढून पुटपुटली, "आजी, इथे असं नसतं विचारायचं."

त्या मुलाने जाणूनबुजून फसविले असे म्हणवत नाही. त्याच्या लेखी अंडे म्हणजे मांसाहार नव्हे. कायद्याच्या लेखी मात्र तसे नाही. पाकीटबंद खाद्यपदार्थांवरील चिन्हांच्या नियमात अंडे असलेला पदार्थ मांसाहारीच धरला जातो. शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका असतो; मांसाहारी पदार्थावरील तपकिरी ठिपक्याची जागा २०२० च्या नियमांनी तपकिरी त्रिकोणाला दिली. पण कपाटात सुट्या मांडलेल्या पेस्ट्रीवर पाकीट नसते. तिथे ग्राहकाला आधार एकच, विचारणे. आणि विक्रेत्याला जबाबदारी एकच, खरे सांगणे.

बोलणे ऐकून आतून एक तरुणी हात पुसत बाहेर आली. पेस्ट्री तीच बनवीत होती. तिने एकेक पदार्थ दाखवून सांगितले: मॅकरॉनमध्ये बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक, एक्लेअरच्या पिठातच अंडी, क्रोसाँ लोण्याच्या थरांचा, पण वरची चकाकी अंड्याच्या लेपाची, मूस घट्ट होते ते जिलेटिनने, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून येते. शेवटी ती म्हणाली, "आजी, आज या कपाटात तुमच्यासाठी काहीच नाही. साधे काळे चॉकलेट मात्र आहे. त्यात कोको, कोकोचे लोणी आणि साखर, एवढेच."

आजींनी चॉकलेटचा लहानसा तुकडा घेतला. जिन्याच्या पायरीवर नातीचे डोळे भरून आले. आत्या म्हणाली, "एवढ्याशा पोरीचं मन मोडलं. एकदा चाललं असतं." आजी लगेच काही बोलल्या नाहीत. व्रत त्यांचे होते, अश्रू मात्र नातीचे. आणि हा हिशेब त्यांनाही सोपा नव्हता. रात्री नातीला जवळ घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, "मोठी झालीस की काय खायचं ते तूच ठरव. पण ठरवायला आधी कळायला हवं, आणि कळायला विचारायला हवं. त्या मुलीने विक्री सोडली, पण खरं सांगितलं. तिची आठवण ठेव."

संयम अनेकदा न खाण्यात मोजला जातो. त्याचा दुसरा अर्धा भाग चारचौघांत, रांग खोळंबलेली असताना, न लाजता आणि न चिडता प्रश्न विचारण्यात असतो. हा भाग मुले उपदेशातून शिकत नाहीत. मोठ्यांना तसे वागताना पाहून शिकतात.

मालवणला परतल्यावर आठवड्याभराने नात मैत्रिणींबरोबर बाजारात गेली. नवीन दुकानात खाजाची रास होती. मैत्रिणी हात पुढे करीत असताना तिने मोठ्याने विचारले, "काका, यात आलं आहे का?"

"होय गो चेडवा, आल्याशिवाय खाजो कसो लागतलो?"

"मग मला शेंगदाण्याचे लाडू द्या," ती म्हणाली. या वेळी तिने आजूबाजूला कोण पाहते आहे, हे पाहिले नाही.