एका शाळेच्या तिघीच!



दिवाळीनंतर अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ताई जाम चिडली होती. तिची लेक तिथल्या हायस्कूलच्या व्हॉलीबॉल संघात खेळते. शाळेचे सामने संपले की तिकडे मुली खासगी क्लबकडून खेळतात. भाचीने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी एकाच क्लबात नाव घालायचं ठरवलं होतं. क्लबवाले म्हणाले, एका शाळेच्या तिघीच एका संघात चालतील, चौथीला दुसरीकडे जावं लागेल. "फी आम्ही भरणार, गाडीने ने-आण आम्ही करणार, आणि आमची मुलगी कुणाबरोबर खेळेल हे दुसऱ्यांनी ठरवायचं?" ताई म्हणाली. मलाही पटलं. मैत्रिणी एकत्र खेळतायत, यात कुणाचं काय बिघडलं?

मग मी जरा वाचलं. अमेरिकेत हायस्कूलच्या स्पर्धा प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना चालवते, आणि असे नियम बऱ्याच राज्यांत आहेत. ओहायोच्या नियमाला पन्नास टक्क्यांची मर्यादाच म्हणतात. मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंच्या निम्म्याहून जास्त जण एका शाळेचे नकोत. व्हॉलीबॉलला सहा जणी, म्हणून तीन. बास्केटबॉलला पाच, तर दोनच. जून-जुलैच्या सुट्टीत ही अट सैल होते. नियम मोडला तर शाळेच्या संघात खेळता येत नाही.

कारण साधं आहे. शाळेचा मोसम दोन-तीन महिन्यांचा. पण सगळा संघच क्लबचं नाव लावून वर्षभर एकत्र खेळू लागला, तर ती मागच्या दाराने शाळेचीच बारमाही प्रॅक्टिस झाली. मग जिच्या घरी क्लबची फी परवडत नाही, किंवा जिला दुसराही एखादा खेळ खेळायचा आहे, तिचा पत्ता निवड चाचणीआधीच कट.

टेक्सासमध्ये तर याहून कडक नियम होता. उन्हाळी प्रशिक्षण शिबिराला गेलेल्या मुलाला वर्षभर शाळेच्या मुख्य संघात खेळायला बंदी! पालक कोर्टात गेले. मुलांना कसं वाढवायचं हा आमचा हक्क, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टाने ते मानलं. पण १९८१ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. शिबिराचा खर्च करू शकणारे आणि न करू शकणारे यांच्यातली तफावत, अतिउत्साही प्रशिक्षक आणि पालकांचा मुलांवरचा ताण, यासाठी असा नियम करता येतो, असं ते कोर्ट म्हणालं.

हे वाचताना मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवली. तिचं नाव लिहीत नाही.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. गावातलं मंडळ शिवजयंतीला मुलींचे खो-खो सामने ठेवतं. गेल्या वर्षी मंडळाच्या संघातल्या सगळ्या मुली आमच्याच शाळेच्या होत्या. संध्याकाळी मैदानावर सराव चालायचा, मी कौतुकाने बघायला जायचे. पुढे केंद्रस्तरीय स्पर्धेची नावं पाठवायची वेळ आली, तेव्हा मी चाचणी घेतलीच नाही. कशाला घ्यायची? संघ तयारच होता. बारा नावं लिहिली, मुख्याध्यापकांची सही घेतली, दिली पाठवून.

ती सहावीत होती. शाळेत तिच्याइतकं वेगात कुणीच पळत नव्हतं. पण शाळा सुटली की आई शेतातून येईपर्यंत धाकट्या भावाला सांभाळायचं, त्यामुळे संध्याकाळचा सराव तिच्या नशिबी नव्हता. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तिने विचारलं, "बाई, चाचणी कधी आहे?"

"झाली," मी म्हणाले.

खोटं होतं ते. ती "बरं बाई" म्हणून पाणी प्यायला गेली.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला नियम इथे लावा म्हणजे झालं. तसं नाही हो. ज्या गावात शाळाच एक, तिथे निम्म्या मुली कुठून आणायच्या? आणि तिकडेही नियम फार तर मुलींना वेगवेगळ्या संघांत वाटतो, फीचा प्रश्न सुटत नाहीच. पैसेवाल्या तिघी एका क्लबात, पैसेवाली चौथी दुसऱ्या क्लबात, एवढंच. माझी भाची ती चौथी. दुसऱ्या संघात गेली, दोन आठवडे रुसली, आता म्हणे तिथेही जमलंय.

मी ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू शाळेच्या बाजूनेच बोलणार." असेलही.

या वर्षी मंडळाचे सचिव पुन्हा यादी मागायला आले. मी म्हटलं, "दादा, चाचणी घेऊ. पण संध्याकाळी नाही, परिपाठाआधी. आणि सरावही सकाळीच ठेवा."

"सकाळी? मुली येतील का बाई?"

एक तरी येईल, हे मला माहीत होतं. सोमवारी पावणेदहाला मैदानावर गेले, तर ती आलेली होती. भावाला कडेवर घेऊन. त्याला मी माझ्याकडे घेतलं आणि शिट्टी वाजवली.