सुरतेतील तीन दिवस

आमच्या धर्मग्रामातील एक माता मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्याकडे आली आणि काही न बोलता तिने आपल्या लेकीचे पत्र आमच्या हातात ठेवले. लेक सुरतेस वैद्यकीचे शिक्षण पुरे करून तेथील एका मोठ्या रुग्णालयात उमेदवारीचे वर्ष काढीत होती. पत्र चार ओळींचे. "आई, माझ्याने हे होणार नाही. मी घरी येते." एवढाच मजकूर. माता म्हणाली, "फादर, साडेपाच वर्षांत ती पोर एकदा रडली नाही. फोन उचलीत नाही. तुम्ही एकदा जाऊन या." आम्हांस तीन दिवसांची सवड होती, आणि सुरत पाहण्याची इच्छा तर विद्यार्थिदशेपासूनच होती. आम्ही गेलो.

वसईहून सुरतेचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा. वैतरणेचा पूल ओलांडला, पालघर गेले, डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या मागे पडल्या, आणि पुढच्या उंबरगावच्या फलाटावर पाटीवरची लिपी बदलली. १९६० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस जी सीमा आखली गेली, ती येथे एका पाटीवरच काय ती दिसते; डब्यातील बोलण्यात मात्र ती कोठेच सापडत नाही. आमच्या समोरची बाई संजाण येईपर्यंत शेजारणीशी मराठीत बोलत होती, पुढे गुजरातीत बोलू लागली, आणि मध्येच पोराला रागावताना पुन्हा मराठीवर आली. नवसारी ओलांडून गाडी उधन्यास आली. जळगावकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. धुळे, नंदुरबार, अमळनेर या भागांतील हजारो कुटुंबे याच मार्गाने पोट भरण्यासाठी सुरतेस आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांत स्थिरावली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

स्थानकावर ती मुलगी आलीच नाही. आला तो तिच्याच वर्गातील एक तरुण, आमच्या शेजारच्या धर्मग्रामातला. "फादर, ती आज कामावर आहे," असे त्याने सांगितले. ते खरे नव्हते हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते, पण आम्ही काही विचारले नाही. दुपारी दोघेही आम्हांस शहर दाखवावयास आली. मुलगी नीट बोलत होती, हसतही होती. पत्राचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही.

सुरत म्हटले की मराठी माणसास शिवछत्रपती आठवतात. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी हे शहर लुटले, तेव्हा येथे राहणाऱ्या फादर आंब्रोझ नावाच्या कापुचिन धर्मगुरूंच्या घरास त्यांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. तोच पुढे असेही लिहितो की, डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही महाराजांनी वगळले, कारण तो हयात असताना मोठा दानशूर होता असे त्यांस कळले होते. धर्मगुरूंची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. दलालाची कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम दिली.

तापीकाठचा किल्ला आम्ही धावतच पाहिला. आमचे पाऊल अडले ते कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत. इंग्रजांची दफनभूमीही जवळच आहे. तीत ऑक्झेंडन बंधूंची समाधी एखाद्या नबाबाच्या मकबऱ्यासारखी उभी आहे. पण आम्हांस पाहावयाची होती ती हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याची समाधी. हा डच अधिकारी मलबारचा कारभार पाहत असे. १६९१ च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेस येताना जहाजावरच त्याला मृत्यू आला, आणि येथे त्याचे दफन झाले. दुमजली, घुमटाची अशी ती भव्य वास्तू आहे. वर कबुतरांचा घुमारा चालला होता, खाली एक कुत्रे निजले होते.

या माणसाने केरळातील वनस्पतींचा आणि त्यांच्या औषधी गुणांचा 'होर्तुस मलबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. पहिला खंड १६७८ साली आम्स्टरडॅमला निघाला, शेवटचा त्याच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये. ७४२ वनस्पती त्यात वर्णिल्या आहेत. ग्रंथ लॅटिनमध्ये आहे. आम्ही सेमिनरीत जी थोडीफार लॅटिन घोकली, तिच्या बळावर त्यातील काही पाने वाचून पाहिली आहेत. त्याच्या सिद्धतेत माथेउस नावाच्या एका इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूंचा मोठा हात होता. पण ज्ञान मूळचे कोणाचे? इट्टी अच्युतन नावाच्या एका ईळव वैद्याचे, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे. अच्युतन मल्याळीत सांगे. ते पोर्तुगीजमध्ये उतरे. पोर्तुगीजमधून लॅटिनमध्ये जाई. त्या तीन वैद्यांचे कोंकणीतील साक्षीपत्र तर पहिल्या खंडात नागरी अक्षरांत जसेच्या तसे छापलेले आहे.

हे आम्ही त्या दोघांस सांगत होतो. तरुण कौतुकाने ऐकत होता. मुलीने मध्येच विचारले, "फादर, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना एखादा शब्द चुकला असेल तर? त्या चुकीने कोणी दगावले असेल तर ते कोणाला कळले असेल?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिला उत्तर नकोच होते, हे पुढे कळले.

संध्याकाळी तापीच्या काठावर बसलो असता बोलणे वेल्लोरवर आले. ही दोघे शिकत असताना पाहुणे विद्यार्थी म्हणून काही आठवडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात राहून आली होती. त्या संस्थेची जन्मकथा पुष्कळांस ठाऊक असेल. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरांची कन्या. एका रात्री तीन घरची माणसे तिच्या दारी आली. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या, आणि पुरुष डॉक्टर नको म्हणून तिघांनीही तिच्या वडिलांची मदत नाकारली. सकाळी तिन्ही बायका गेल्याचे कळले. तीच मुलगी पुढे अमेरिकेत वैद्यकी शिकली, १९०० साली परत आली आणि एका खाटेच्या दवाखान्यापासून तिने आरंभ केला. १९१८ साली तिने स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. १९४७ पासून तेथे पुरुषांसही प्रवेश मिळू लागला. महारोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाजोगी करण्याचे पॉल ब्रँड यांचे कार्य येथलेच. आपल्या कॅथलिक बाजूस सिस्टर मेरी ग्लाउरी यांचे नाव घ्यावे लागेल. या ऑस्ट्रेलियन डॉक्टर धर्मभगिनीने गुंटूरला अशीच सेवा केली. १९६३ साली निघालेले बंगळूरचे सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज हे मूळ त्यांचेच स्वप्न. ते पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

तरुण सांगू लागला: "काटपाडीला उतरून आम्ही गावात गेलो तर दुकानांच्या पाट्या तमिळपेक्षा बंगालीतच जास्त. बंगालहून, झारखंडहून, ईशान्येकडून माणसे दोन-दोन दिवस गाडीत बसून तेथे येतात. मुंबईच्या आम्हां पोरांना वाटत होते, आपणच परके; तेथे अर्धे रोगीही आमच्याइतकेच परके होते." त्याला तमिळ एक अक्षर येत नव्हते. पहिल्याच दिवशी एका वृद्धाने 'मयक्कम' असा शब्द उच्चारला. याने पाच जणांस अर्थ विचारला, तेव्हा घेरी येते असे कळले. तो शब्द त्याने तळहातावर लिहून घेतला. 'वलिक्कुदा', म्हणजे दुखते का, हा दुसरा. "रोज संध्याकाळी हात धुताना वाईट वाटे," असे म्हणून तो हसला.

मुलगी म्हणाली, "तेथे मला ठाऊक होते की मला काही कळत नाही. म्हणून प्रत्येक शब्द विचारून घेत होते." मग थोड्या वेळाने, नदीकडे पाहतच, ती पुढले बोलली.

महिन्यापूर्वीची गोष्ट. रात्रपाळी तिची. वॉर्डात खानदेशातील एक म्हातारी होती, हृदय थकलेले, श्वास अपुरा. तीन मोठे डॉक्टर पाहून गेले होते. करण्यासारखे फारसे उरले नव्हते. म्हातारी गुजराती नव्हे, मराठी बाई, म्हणून साहजिकच सगळ्यांनी हिला म्हटले, "तुझ्या भाषेतली आहे, तू पाहा." रात्री म्हातारी पुन्हापुन्हा एकच शब्द पुटपुटत होती. हिने ऐकला तो 'अंधेर'. अंधार वाटतो आहे असे समजून हिने खाटेवरचा दिवा लावला. म्हातारीने मान हलवली, पुन्हा तोच शब्द. हिने पलीकडचाही दिवा लावला. तिसऱ्यांदा खिडकीचा पडदा सारला. पहाटेपूर्वी म्हातारी गेली.

सकाळी पायऱ्यांवर शाल पांघरून बसलेली एक बाई आत आली, आणि तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून नंदुरबारकडची एक सफाईवाली धावत आली. तिनेच हिला सांगितले. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. म्हातारी रात्रभर लेकीला बोलावीत होती. लेक कामाची पाळी संपवून उशिरा आली होती, भेटीची वेळ टळली म्हणून तिला आत सोडले नव्हते. रात्रभर ती तीस पावलांवर बसून होती.

"फादर, तमिळ असती तर मी विचारले असते," मुलगी म्हणाली. "मराठी वाटली म्हणून नाही विचारले."

वाचकहो, अशा वेळी धर्मगुरूने काहीतरी बोलावे अशी अपेक्षा असते. आम्हांस एवढेच आठवले की, आमच्या पहिल्या नेमणुकीच्या गावी एका मरणोन्मुख आजीचा शेवटचा कबुलीजबाब आम्ही ऐकला तो तिच्या सामवेदी बोलीत, आणि त्यातील अर्धाही आम्हांस समजला नव्हता. आम्ही पापक्षमा दिली आणि बाहेर येऊन लोकांस सांगितले की आजी शांतपणे गेल्या. हे आम्ही आजवर कोणास सांगितले नव्हते. त्या दिवशी तापीकाठी त्या दोघांस सांगितले. तरुणाने मान खाली घातली. मुलगी प्रथमच आमच्याकडे सरळ पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हांस तो वॉर्ड दाखविला. एका बाजूस गंजामकडचा ओडिया मागवाला, पलीकडे तेलुगू विणकर, दारापाशी उत्तर प्रदेशचा रंगारी. मल्याळी परिचारिका या सगळ्यांशी एकाच मोडक्या हिंदीत बोलत होत्या आणि आश्चर्य असे की काम चालले होते. सुरतेच्या रुग्णालयांनी याहून बिकट दिवस पाहिले आहेत. १९९४ च्या सप्टेंबरात येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठली, तेव्हा लक्षावधी माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. अनेक खाजगी दवाखान्यांस कुलुपे लागली आणि रोग्यांचा भार सरकारी रुग्णालयावर पडला. देशभरातील मृत्यूंचा आकडा पन्नास ते साठ यांच्या दरम्यानच राहिला. भीतीचा पसारा मात्र फार मोठा होता. उधन्याहून खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांत तेव्हा किती आंडोर-आंडेरी बसल्या असतील, हा विचार त्या वॉर्डात उभे असता मनात आल्यावाचून राहिला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे लिंबायतमध्ये त्या म्हातारीच्या लेकीकडे गेलो. मुलीची इच्छा नव्हती. पण पत्ता तिनेच शोधून काढला होता. एका खोलीचे घर, कोपऱ्यात टिकल्या चिकटवावयाच्या साड्यांचा ढीग. बाईने आमच्यासाठी चहा ठेवला. मुलीने जे घडले ते सगळे सांगितले, काही वगळले नाही. दिवे लावले तेही सांगितले. बाई बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एवढेच विचारले, "ती नेमकं काय म्हणत होती?"

"मनी आंडेर," मुलगी म्हणाली. "मनी आंडेर कोठे शे."

बाईने पदर तोंडाला लावला. रडणे ओसरल्यावर ती म्हणाली की 'कोठे' हिने बरोबर म्हटले, पण 'शे' वर उगाच जोर दिला. मुलीने पर्समधून वही काढली. छातीत दुखते याला काय म्हणावे? "छातीमा दुखस." पोटात? "पोटमा दुखस." आम्हांस गंमत वाटली: गुजरातीतही 'पेटमां' असेच म्हणतात, तो 'मा' घाटाच्या दोन्ही अंगांस नांदतो आहे. घेरी येते याला काय म्हणतात यावर बाईचा आणि दारात आलेल्या शेजारणीचा वाद झाला, कारण एक अमळनेरकडची आणि दुसरी साक्रीकडची. दोन्ही शब्द वहीत उतरले. चहा दुसऱ्यांदा झाला. साड्यांचे काम खोळंबले होते, म्हणून तरुणाने टिकल्या चिकटवावयास घेतल्या आणि तीन वाकड्या चिकटवल्यावर बाईने त्या त्याच्या हातून काढून घेतल्या.

स्थानकावर दोघेही पोचवावयास आली. गाडीस वेळ होता. आम्ही विचारले, "आईला काय सांगू?"

"नाताळाला येईन म्हणावं," ती म्हणाली. "त्याआधी रजा मिळणार नाही." मग घड्याळ पाहून तिने आम्हांस वाकून नमस्कार केला. आठ वाजता तिची रात्रपाळी सुरू होत होती आणि रिक्षावाला जास्त पैसे मागत होता. त्याच्याशी ती गुजरातीत भांडत असतानाच आमची गाडी हलली.