टकटक! लिव्हर कसं आहे?

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचे रिपोर्ट्स आले की आमच्याकडे दोन दिवस एकच विषय. फॅटी लिव्हर! 'ग्रेड वन'वाला समोसा खात खात 'ग्रेड टू'वाल्याला डाएटचे सल्ले देतो. माझ्या धाकट्या भावाचा मामला मात्र वेगळा आहे. तो दारूला शिवत नाही, तूप-लोणी डॉक्टरांच्याच सांगण्यावरून भरपूर खातो आणि तरीही स्वतःच्या लिव्हरचा आकडा त्याला मोबाइल नंबरासारखा पाठ असतो. तोही किलोपास्कलमध्ये!

त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मजात, जनुकातून आलेला आजार. नाव सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे दमा का?" दमा नाही हो. सीएफटीआर नावाच्या जनुकात (ते सापडलं 1989मध्ये) बिघाड असल्यामुळे शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात. छातीत कफ साचतो, तो दिसतो, ऐकू येतो. पण तोच चिकटपणा लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्यांतही असतो. नळ्या तुंबतात, भोवती व्रण धरतात आणि लिव्हर इथे-तिथे कडक होत जातं. सगळ्यांचं होत नाही. पण शंभरातल्या पाच-दहा जणांचं प्रकरण गंभीर आजारापर्यंत जातं, तेही बऱ्याचदा शाळेच्या वयातच.

त्यात लिव्हर म्हणजे अगदी जुन्या पिढीतली आई. कितीही त्रास झाला तरी बोलायचं नाही! रक्तातली एन्झाइम्स नॉर्मल येत राहतात आणि आत बराच बिघाड झालेला असू शकतो.

मग बघायचं कसं? पूर्वी उत्तर एकच, बायोप्सी. बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढायचा. हा तुकडा असतो लिव्हरचा साधारण 50 हजारावा भाग. शितावरून भाताची परीक्षा म्हणा ना! पण या आजारात भातच अर्धा शिजलेला, अर्धा कच्चा. सुई चांगल्या जागी लागली तर रिपोर्ट छान, दोन इंच पलीकडे लागली तर भलताच. आणि अशी सुई दरवर्षी कोण टोचून घेणार?

2003च्या सुमारास फ्रान्समधून फायब्रोस्कॅन आलं. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांमध्ये थंडगार जेल आणि त्यावर प्रोब. प्रोब बाहेरून हलकीशी टिचकी मारतो, तिची लहर लिव्हरमध्ये शिरते आणि अल्ट्रासाउंड तिचा वेग मोजतं. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगात. बाबा मंडईत कलिंगडावर टिचक्या मारून बघतात, त्यातलाच प्रकार. निदान 10 टिचक्या, त्यांचा मधला आकडा घ्यायचा, खेळ खलास. निरोगी लिव्हर साधारण 5च्या आसपास. मशीनची पट्टी मात्र 75पर्यंत जाते, हे मी एकदा वाचलं आणि उगाच वाचलं.

गेल्या वर्षी धाकट्याचा आकडा होता 5.4. या वर्षी त्याला बेंगळुरूला पहिली नोकरी लागली आणि जायच्या तीन आठवडे आधी स्कॅन झालं. दुपारी फोन आला.

"ताई, 7.3."

"काही खाल्लं होतंस का?"

"इडली. एकच प्लेट गं. भूक लागली होती."

निदान तीन तास उपाशी राहायचं असतं. खाल्ल्यावर लिव्हरकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडाही फुगतो. साहेबांनी टेक्निशियनला 'उपाशी आहे' असं खुशाल ठोकून दिलं होतं! त्या रात्री आई जेवली नाही. "नोकरी कुठे पळून जात नाही," एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी पुन्हा स्कॅन, खऱ्याखुऱ्या रिकाम्या पोटी. 6.1.

मी लगेच हुश्श केलं. डॉक्टरांनी केलं नाही. ते म्हणाले, एका आकड्यावर निकाल देत नाहीत. सोनोग्राफीत लिव्हरचा पोत बघितला, प्लीहा मोजली. प्लीहा वाढली की प्लेटलेट्स घटतात, म्हणून एएसटी आणि प्लेटलेट्स यांचं गुणोत्तरही काढलं. सगळं ठीक. "सहा महिन्यांनी परत या. शक्यतो याच मशीनवर." त्याची तुलना दुसऱ्या कुणाशी करायचीच नाही, त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी करायची. मला हे फार पटलं. आमच्या अप्रेझलमध्येही चालू करा म्हणावं!

आईला मात्र पटवायला वेळ लागला. "तिथे तुझ्याकडे कोण बघणार?" या प्रश्नावर धाकटा म्हणाला, "आई, बेंगळुरूतही लिव्हर उजव्या बाजूलाच असतं." ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी शंकरपाळे तळायला घेतले.

रविवारी उद्यान एक्स्प्रेसने तो गेला. बॅगेत जेवणाआधीच्या कॅप्सूल्स, नेब्युलायझर, शंकरपाळ्यांचा डबा आणि रिपोर्टची फाइल. फाइलवर आईने मार्करने लिहिलंय, 'उपाशी पोटी. इडलीसुद्धा नाही.'