पाचवे चाक

आम्हां ग्वाल्हेरकरांच्या पत्त्यात 'लष्कर' हा शब्द इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ छावणी आहे हे पत्ता लिहिताना कोणाच्या मनातही येत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले, वाड्यांभोवती पेठा वसल्या, आणि हलता तळ कायमचे शहर होऊन बसला. अशा स्थिरावलेल्या छावणीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरातील एका मनुष्याने साठी उलटल्यावर नेमका उलटा मार्ग धरावा, बांधलेले घर विकून चाकांवरच्या घरात राहावयास जावे, ही गोष्ट काही केल्या आमच्या पचनी पडेना.

हे गृहस्थ म्हणजे आमचे थोरले बंधू, दादा. १९८४ साली ते अमेरिकेस गेले आणि निवृत्तीपर्यंत मिनेसोटा राज्यात एका कारखान्यात अभियंता म्हणून राहिले. आता देश हिंडावा म्हणून २०२० साली त्यांनी व वहिनींनी मिळून 'फिफ्थ व्हील' जातीचे एक फिरते घर घेतले. दोघांना ते एकच उन्हाळा लाभले. २०२१ साली वहिनी गेल्या. दोन वर्षांनी दादांनी राहते घर विकले. पहिला हिवाळा त्यांनी कन्येकडे काढला, आणि तिचाच आम्हांस फोन आला, "काका, बाबा कोणाचे ऐकत नाहीत. तुम्ही या आणि त्यांना ग्वाल्हेरला घेऊन जा." सुटीला रजेची जोड देऊन, खात्याकडून परदेशगमनाची अनुज्ञा मिळवून २०२४ च्या मे महिन्यात आम्ही तेथे पोहोचलो, ते हा मनसुबा उरात बाळगूनच.

वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे तिकडे आहेत. त्यांतील कोणी असे वाहन घेण्याच्या विचारात असेल, म्हणून आम्ही जे पाहिले ते थोडे विस्ताराने सांगतो.

'पाचवे चाक' या नावाने आमचीही प्रथम फसगत झाली. आम्ही ते मोजावयास गेलो. दादा हसले व म्हणाले, "बाळ, ते चाक आता फक्त नावात उरले आहे." (आम्हांस 'बाळ' म्हणणारे मनुष्य जगात आता एवढे एकच आहे.) जुन्या बग्गीच्या पुढच्या आसावर एक आडवे चक्र बसविलेले असे. त्यामुळे पुढची चाके वळत. चार चाकांखेरीजचे म्हणून ते पाचवे. आज त्याच्या जागी मालमोटारीच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, एक जाड लोखंडी तबकडी असते. फिरत्या घराच्या पुढे आलेल्या भागाखालून 'किंगपिन' नावाची खुंटी लोंबते. ती त्या तबकडीच्या जबड्यात अडकते. साध्या ट्रेलरचा भार मोटारीच्या पार शेपटीला लटकतो. येथे तो आसाच्या माथ्यावर येतो, म्हणून तीस फुटांचे धूडही वाऱ्यात पुष्कळसे स्थिर चालते.

पण याच सोयीतून पहिली अडचण निघते. घराच्या एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या खुंटीवाटे मोटारीवर येतो. विकणारा 'ही मोटार अमुक टन ओढते' असे सांगतो. दादांच्या मते तो आकडा शेवटी विचारावा. आधी मोटारीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवरचे लेबल वाचावे. त्यावर मोटार अंगावर किती भार घेऊ शकते ते लिहिलेले असते. त्यातून जोडणीची तबकडी, माणसे आणि हत्यारे वजा करावीत. उरेल तेवढेच खुंटीसाठी.

प्रवासास निघण्यापूर्वी दादांनी गाडी महामार्गावरील मालमोटारींच्या काट्यावर नेली. तेथे पुढची चाके, मागची चाके आणि घराची चाके यांची वजने निरनिराळी कळतात. लेबलावर १२५० किलो होते. आमचा हिशेब १३३० वर गेला. ८० किलो जास्त. आम्ही भारतातून आणलेला लोणच्यांचा, पोह्यांचा आणि लोखंडी खलबत्त्याचा सरंजाम मनातल्या मनात मोजू लागलो. दादा मात्र घराच्या पुढच्या कप्प्याशी जाऊन उभे राहिले होते. त्यात एक पत्र्याची ट्रंक होती. वहिनींची गोधडी, त्यांची पुस्तके, पितळेची काही भांडी, आणि त्यांची पेटी. लग्नानंतर वहिनींनी ग्वाल्हेरहून नेली होती तीच. ट्रंक भरली की ९० किलोंची होते, हे दादांना काट्यावाचून ठाऊक होते.

"ही पुतणीकडे ठेवावी का?" आम्ही सुचविले.

दादांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कागद काढून त्यावर एक लांब रेघ व दोन बिंदू काढले. शाळेत आम्ही तरफ शिकवितो, तीच आकृती. पुढच्या कप्प्यातील ओझे जवळजवळ सगळे खुंटीवर पडते. तेच घराच्या चाकांवर आणून ठेवले तर खुंटीवरून उतरते. मात्र घराच्या स्वतःच्या मर्यादेत ते बसले पाहिजे. दादांनी पाण्याच्या टाकीची तोटी उघडली. साठ गॅलनांची टाकी भरली की पाणीच सव्वादोनशे किलो होते, आणि मुक्कामाच्या ठिकाणी नळ असेल तर ते वाहून नेण्यात अर्थ नाही. वाटेपुरते थोडे ठेवून बाकीचे सोडून दिले. ट्रंक आम्ही दोघांनी उचलून मधल्या खोलीत, चाकांच्या बरोबर वर, कोचाला बांधून ठेवली. परत काट्यावर गेलो. हिशेब जेमतेम बसला. खलबत्ता मात्र पुतणीकडे राहिला.

मिनेसोटाहून साउथ डकोटातील बॅडलँड्सपर्यंत साडेआठशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता. दादा ताशी ९५ किलोमीटरांच्या वर गेले नाहीत. अशा घरांच्या टायरांपैकी पुष्कळांना शंभराच्या फारसे वरचे सोसत नाही. त्यांनी टायरावरचे आकडे आम्हांस वाचून दाखविले. शेवटचे चार आकडे जन्मतारखेचे: '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे वाहन वर्षातले पुष्कळ महिने एका जागी उभे असते; टायराची नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर आतून म्हातारे होते. पाच-सहा वर्षांनी झीज न पाहता ते बदलावे. हवेचा दाब दररोज सकाळी, टायर थंड असताना पाहावा.

मुक्कामी पोहोचल्यावर दादांचा क्रम ठरलेला. आधी चाकांना अटकण, मग मोटार सोडविणे. घर डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे समपातळीत आणणे. विजेच्या खांबावरचे बटन बंद करून मगच दोर जोडणे, तोही दाब तपासणाऱ्या संरक्षक पेटीतून. कारण खांबात दोष असेल तर घरातील सगळी यंत्रे एका क्षणात जळतात. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी आणि स्वतंत्र. नळाला आधी दाब आवरणारी पितळी कळ, मग नळी. मैल्याच्या टाकीची झडप एरवी बंदच ठेवावयाची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते आणि नको ते तळाशी साचते. टाकी दोन-तृतीयांश भरली की हातमोजे घालून प्रथम ती रिकामी करावी, मागाहून मोरीच्या पाण्याची. म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. तिसऱ्या दिवशी हे काम आमच्याकडे आले. मुख्याध्यापकपदाचा तोरा उतरविण्यास याहून खात्रीचा उपाय आमच्या पाहण्यात नाही.

स्वयंपाकघराविषयी गृहिणींसाठी चार शब्द. घराला वीज ३० अँपिअरची असेल तर एकूण ३६०० वॉटच हाती असतात. वातानुकूलन यंत्र चालू असताना मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकदम लावले की अंधार होतो. काच नेऊ नये. घट्ट झाकणांचे स्टीलचे डबे आणि तीन लिटरचा कुकर पुरे. फळ्यांवर रबरी जाळी अंथरावी. फोडणी करताना खिडकी उघडून पंखा लावावा, नाहीतर धुराची घंटा मोहरीबरोबरच तडतडू लागते. या घंटेवर वैतागून कोणी कोणी तिची बॅटरी काढून ठेवतात. ते मात्र करू नये. गॅस आणि विषारी वायू यांची सूचना देणारी यंत्रे आणि अग्निशामक नळकांडे हीच तेथील खरी राखण.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी निघावयाचे होते. दादा घर मोटारीला जोडत होते आणि आम्ही, इतके दिवस गिळलेले, एकदाचे बोलून टाकले.

"दादा, हे किती दिवस? या वयात एकट्याने, रानात! रात्री काही झाले तर? वाड्यात तुमची खोली तशीच आहे."

"तुला मी एकटा दिसतो," ते म्हणाले. त्यांचा हात कळीवरच होता. "त्या घरात मी एकटा होतो. सगळीकडे तिचे कपाट, तिची खुर्ची. येथे रोज काहीतरी करावे लागते, म्हणून मी उठतो."

आम्ही वाद वाढविला. काय काय बोललो ते आता लिहीत नाही. दादा रागाने मोटारीत जाऊन बसले. त्यांच्या खिशात एक पुठ्ठ्याची यादी असते. खुंटीची पाटी तबकडीला टेकली का, मध्ये फट नाही ना; विजेरीने पाहून जबडा खुंटीच्या मानेभोवती मिटला का; खिटी बसली का; तुटून सुटल्यास ब्रेक लावणारी तार जोडली का. त्या सकाळी यादी खिशातच राहिली. केवळ सवयीने त्यांनी एक गोष्ट केली: चाकांची अटकण न काढता, घराचे पुढचे लोखंडी पाय जमिनीपासून चार बोटेच उचलून, मोटार हळूच पुढे घेतली.

मोटार सरकली, घर जागीच राहिले. खुंटी जबड्यात न जाता वरच बसली होती. ती निसटली आणि घराचे तोंड धप्पकन चार बोटे खाली, आपल्या पायांवर आले. पाय पुरते उचलले असते तर ते सारे वजन मोटारीच्या हौद्यावर कोसळते, किंवा पुढे रस्त्यावर, मागून येणाऱ्या कोणा कुटुंबापुढे. आमचे हातपाय गार पडले.

दादा उतरले. त्यांनी सगळे पाहिले, यादी काढली आणि आमच्या हाती दिली. "मोठ्याने वाच. आणि मी जोडत असताना मला काही विचारू नकोस." आम्ही वाचत गेलो, ते 'झाले' म्हणत गेले. वर्गात हजेरी घ्यावी तसे. त्या यादीच्या शेवटच्या चार ओळींचे अक्षर वहिनींचे होते, हे वाचतानाच आमच्या ध्यानात आले. चूक कोणाची, हे विचारण्याचे मग कारण उरले नाही.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मिसुरी नदीचा पूल ओलांडल्यावर दादाच म्हणाले, "नोव्हेंबरात हे बंद करावेच लागते." मिनेसोटाच्या थंडीत नळ्यांतील पाणी गोठून नळ्या फुटतात, म्हणून सारे पाणी काढून नळ्यांत न गोठणारे गुलाबी द्रव भरावयाचे, बॅटरी काढून घरात न्यावयाची आणि घर वसंतापर्यंत उभे करून ठेवावयाचे. "हिवाळ्यात येईन. पण एप्रिलात परत जाईन. तेव्हा हा विषय काढावयाचा नाही."

आम्ही कबूल केले. पुतणीला हे कळविले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "सहा महिने तर सहा महिने, काका."

२०२४ च्या नोव्हेंबरात दादा आले. सोबत वहिनींची पेटी होती. तिकडच्या कोरड्या थंडीत लाकूड तडकते म्हणून. पाच महिने ती आमच्या माजघरात राहिली आणि आमच्या नातीने तिच्यावर सारेगम गिरविले. तिच्याकडेच राहू द्यावी, असे सर्वांच्या मनात होते. बोलले कोणी नाही. एप्रिलात निघण्याच्या आदल्या दिवशी दादा ती घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि तराजूवर ठेवून आले.

"साडेअकरा किलो," त्यांनी सांगितले, आणि खिशातील पुठ्ठ्यावर तो आकडा टिपून ठेवला.