खुनी विसरलेला बरा

रहस्यकथेतला खुनी माझ्या फार दिवस लक्षात राहत नाही. पुस्तक मिटल्यावर महिनाभर टिकतो; मग तो पुतण्या होता की कारकून, विष कॉफीत घातलं होतं की खोकल्याच्या औषधात, सगळं पुसट होत जातं. राहतं ते भलतंच. एखाद्या घराचा ओलसर जिना राहतो, जबानी देताना सारखा चष्मा पुसणाऱ्या बाई राहतात, स्टेशनवरचा पाऊस राहतो. उत्तरच विसरायचं तर असली पुस्तकं वाचायची कशाला, असं घरचे विचारतात. विसरता येतं म्हणून तर ॲगाथा ख्रिस्ती पुन्हा वाचता येते, हे काही त्यांना पटत नाही.

ही सवय लायब्ररीतली. खाकी कव्हरं घातलेली, कोपरे मऊ पडलेली पुस्तकं आणि आत तारखांच्या शिक्क्यांची रांग. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, नारायण धारपांचे समर्थ, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, सगळे एकाच फळीवर दाटीवाटीने उभे. त्या पुस्तकांत आधीच्या वाचकांचा वावर असे. एकात पहिल्याच पानावर कुणीतरी शिसपेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘खून माळ्याने केला.’ खाली वेगळ्या अक्षरात, ‘साफ खोटं.’ त्याच्याही खाली तिसऱ्या हाताने, ‘यात माळीच नाही.’ आणखी एका पुस्तकाची शेवटची पानंच गायब होती. रात्री जेवताना आम्ही भावंडांनी त्याचा शेवट रचला. पुढे कधीतरी धड प्रत हाती आली तेव्हा लेखकाचा शेवट आमच्यापेक्षा फिका निघाला, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

अलीकडच्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या वाचताना, त्यातही ज्या विज्ञानकथेच्या किंवा अद्भुतकथेच्या कुंपणावर बसलेल्या असतात त्या वाचताना, एक गंमत जाणवायला लागली आहे. विसरण्याचं जे काम इतकी वर्षं वाचकाकडे होतं, ते आता पात्रांनी अंगावर घेतलं आहे. जुन्या रहस्यकथेत सगळ्यांना सगळं आठवायचं. सव्वानऊचे ठोके पडले तेव्हा बटलर कुठे होता, दिवाणखान्याची खिडकी उघडी होती का, आत्याबाईंनी पेला कुठल्या हातात धरला होता. खोटं बोलणारा एखादाच. बाकीच्यांची आठवण खणखणीत. त्या भरवशावर तर ख्रिस्तीचा पोयरो मंडळींना एका खोलीत बसवून हिशेब जुळवायचा. आताच्या पुस्तकांत प्रेत असतंच, पण खरी हरवलेली असते ती आठवण, आणि शोधही तिचाच चालतो.

हे अगदीच नवं आहे असं नाही. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’मध्ये, १८६८ साली, हिरा उचलणाऱ्याला आपणच तो उचलला हे ठाऊक नसतं, अफूच्या अमलाखाली हातून घडलेलं असतं. (दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं रहस्य फोडलं तर चालावं.) पण कॉलिन्सकडे ती एक झकास युक्ती होती. आताचे लेखक त्या युक्तीवरच अख्खं घर बांधतात.

त्यात स्टुअर्ट टर्टनचं घर सगळ्यांत गुंतागुंतीचं. ‘द सेव्हन डेथ्स ऑफ एव्हलिन हार्डकॅसल’मध्ये (२०१८) ब्लॅकहीथ नावाच्या जुनाट हवेलीत रात्री अकरा वाजता एव्हलिन मरते, आणि तोच दिवस नायक आठ निरनिराळ्या माणसांच्या शरीरात शिरून जगतो. खुनी सापडला नाही की आठवण पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘द लास्ट मर्डर ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’मध्ये (२०२४) तर जगच बुडालेलं आहे. धुक्याने वेढलेल्या एका बेटावर १२२ गावकरी आणि तीन शास्त्रज्ञ उरलेत. खून होतो, आणि त्या रात्रीची आठवण साऱ्या गावाच्या डोक्यातून काढून टाकलेली असते. म्हणजे खुनी समोर बसला असेल तरी आपण खुनी आहोत हे त्याचं त्यालाच माहीत नसायचं! कल्पनेला दाद द्यावीच लागते. मी वही घेऊन बसले, वेळा लिहिल्या, बाण काढले. पण वही भरली तरी मन काही भरलं नाही. टर्टनची माणसं विसरतात ती कथानकाच्या सोयीसाठी. विसरल्याचं दुःख करत बसायला त्यांना सवडच मिळत नाही, लगेच पुढचं प्रकरण येऊन धडकतं. एव्हलिनच्या पुस्तकात एक जागा मात्र जमून गेली आहे. नायक अगडबंब लॉर्ड रेव्हनकोर्टच्या देहात अडकतो, चार पावलं टाकतानाही त्याला धाप लागते, आणि त्या उसन्या शरीराची त्याला आधी किळस, मग लाज, मग थोडी कणव वाटू लागते. तेवढा वेळ मी खुनाबिनाचं सगळं विसरले होते.

सुझॅना क्लार्कच्या ‘पिरानेसी’ची (२०२०) गोष्टच वेगळी. काल्पनिक तुरुंगांची चित्रं काढणाऱ्या अठराव्या शतकातल्या इटालियन कलावंताचं नाव या कादंबरीच्या नायकाला चिकटलेलं आहे, आणि तो राहतो ते घरही त्या चित्रांतलंच वाटावं असं. न संपणारी दालनं, दालनादालनांत संगमरवरी पुतळे. खालच्या मजल्यांवर समुद्राची भरती-ओहोटी, वरच्या मजल्यांवर ढग. हा मासे पकडतो, समुद्रातलं शेवाळ वाळवून ठेवतो, बुडून मरू नये म्हणून भरतीची गणितं करतो. जगात आजवर पंधराच माणसं झाली, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. एक तो, एक ‘दुसरा’, आणि उरलेले तेरा म्हणजे हाडांचे सांगाडे. या सांगाड्यांचं तो घरच्या माणसांसारखं करतो, त्यांच्यासाठी कमळं घेऊन जातो. त्यांतल्या एकाची बारीक हाडं बिस्किटांच्या लाल डब्यात आहेत, म्हणून त्याचं नाव बिस्किटडब्यातला माणूस. समुद्र, पुतळे आणि पक्षी यांच्याखेरीज काहीच नसलेल्या जगात बिस्किटांचा डबा आला कुठून, हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही. वाचकाला मात्र नेमकी तिथे ठेच लागते. मोठमोठ्या रहस्यकथाकारांनी पेरलेले धागेदोरे मी पाहिले आहेत. त्या लाल डब्याइतका साधा आणि बेमालूम धागा क्वचितच.

पिरानेसी रोजनिशी लिहितो, आणि नुसती लिहून थांबत नाही, तिची विषयवार सूचीही करतो. त्याच्या कालगणनेत सालांना आकडे नाहीत. अल्बट्रॉस पक्षी नैऋत्येच्या दालनांत आला ते वर्ष, अशी नावं आहेत. एके दिवशी ती सूची चाळताना त्याला अशा नोंदी सापडतात की ज्या त्याने लिहिल्याचं त्याला आठवत नाही. अक्षर मात्र त्याचंच. माझ्या वाचनातल्या कुठल्याही प्रेताने मला एवढं घाबरवलेलं नाही. पुढे काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगते, की रहस्य उलगडत जातं तसं इतर पुस्तकांत हायसं वाटतं, इथे मात्र जीव कासावीस होतो. याला खरं काय ते कळलं, तर ही दालनं याच्यापासून कुणी हिरावून तर घेणार नाही ना, असं वाटत राहतं. २०२१ मध्ये या पुस्तकाला विमेन्स प्राइझ मिळालं. बक्षिसांवरून पुस्तकं निवडणाऱ्यातली मी नाही, पण त्या वर्षीच्या परीक्षकांशी माझं भांडण नाही.

रॉबर्ट जॅक्सन बेनेटने ‘द टेंटेड कप’मध्ये (२०२४) नाणं उलटं टाकलं आहे. इथला तरुण साहाय्यक, डिन, काहीच विसरू शकत नाही. पाहिलेलं-ऐकलेलं जसंच्या तसं साठवण्यासाठी त्याचं शरीरच बदलून घेतलेलं आहे. एकेका प्रसंगाला एकेका कुपीतला वास जोडायचा, आणि पुढे तो वास हुंगला की प्रसंग घडाघडा बाहेर. त्याची वरिष्ठ आना डोळ्यांवर पट्टी बांधून खोलीत बसते, कारण जग तिला सोसवत नाही, आणि डिनने आणलेल्या आठवणींतून ती गुन्हा उकलते. जुन्या रहस्यकथांतला घरबशा डिटेक्टिव्ह नीरो वुल्फ आणि त्याच्यासाठी हिंडणारा आर्ची गुडविन यांची जोडी आठवल्याशिवाय राहत नाही. खून तरी कसा, तर एका बड्या घराण्याच्या वाड्यात एका अधिकाऱ्याच्या देहातूनच झाड फुटून वर आलेलं! बाहेर पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रातून प्रचंड प्राणी येऊन तटबंदीला धडका देतात, साम्राज्य ती तटबंदी डागडुजी करत जेमतेम तग धरून आहे. या कादंबरीला २०२५चं ह्यूगो पारितोषिक मिळालं. मला मात्र त्या अजस्र प्राण्यांपेक्षा डिनची एक अडचण जास्त जवळची वाटली. सारं जग तोंडपाठ असलेल्या या पोराला अक्षरं धड वाचता येत नाहीत. ती नाचतात, गिचमिड होतात, आणि हे तो सगळ्यांपासून लपवतो. बेनेटने अख्खं साम्राज्य उभं केलं, वनस्पती रचल्या, कायदे रचले. तरी पुस्तक उभं आहे ते या लपवाछपवीच्या आधारावर.

रिचर्ड ऑस्मनबद्दल थोडक्यात. वृद्धांच्या वसाहतीतले चार जण दर गुरुवारी जमून खून सोडवतात, ही ‘द थर्सडे मर्डर क्लब’ची (२०२०) कल्पना गोड आहे, कधीकधी जरा जास्तच गोड. पण त्या चौघांतल्या एलिझाबेथचा नवरा स्टीफन संध्याकाळी आपल्या मित्राशी, बोग्दानशी, बुद्धिबळ खेळत बसतो, हळूहळू त्याची स्मृती विरत चालली आहे, हात मात्र सोंगट्या अचूक हलवतात, तिथे ऑस्मनला विनोद आवरता घ्यायचा कळतो.

स्मृतिभ्रंश आता आपल्याही घराघरांत आला आहे, त्यामुळे एमा हीलीची ‘एलिझाबेथ इज मिसिंग’ (२०१४) मी एका बैठकीत सलग वाचू शकले नाही, मध्ये उठावं लागलं. ऐंशी ओलांडलेली मॉड ही इथली डिटेक्टिव्ह. मैत्रीण एलिझाबेथ हरवली आहे, एवढं तिने घट्ट धरून ठेवलंय; बाकीचं सगळं खिशातल्या चिठ्ठ्यांवर. दुकानात जाते आणि पीचचे डबे घेऊन येते, घरी आधीचे डबे रचलेलेच असतात. मध्येच मन १९४६ मध्ये जातं, तेव्हा तिची मोठी बहीण नाहीशी झालेली असते, आणि दोन हरवलेल्या बायका एकमेकींत मिसळून जातात. इथे वाचकाला डिटेक्टिव्हपेक्षा जास्त आठवतं, आणि ते तिला सांगता येत नाही म्हणून तो तळमळतो.

मराठीत ही वाट जयंत नारळीकरांनी फार आधी चोखाळली होती. ‘वामन परत न आला’मध्ये खोल खणताना एक पुरातन ठेवा सापडतो, कुणा आधीच्या संस्कृतीने आपली आठवण त्यात बंद करून ठेवलेली. ती माणसं गेली कुठे, हेच रहस्य. आणि खुद्द नारळीकरांनी १९७४ साली एक छोटं रहस्य रचलं होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली, आणि पहिला नंबर पटकावला. आद्याक्षरं उलटी करून पाहिली असती तर परीक्षकांना लेखक सापडला असता.

आमच्या वहिनीला यातलं काही सांगण्यात अर्थ नाही. ती रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते. खुनी कोण ते एकदा कळलं की शांतपणे वाचता येतं, असं तिचं म्हणणं. प्रकाशकही हल्ली मुखपृष्ठावरच शेवटच्या पानावरच्या धक्क्याची जाहिरात करतात, मग तिचं काय चुकलं? गेल्या खेपेला मी तिला ‘पिरानेसी’ दिलं. नेहमीप्रमाणे तिने पुस्तक मागून उघडलं, शेवटचं पान वाचलं, पुन्हा वाचलं, मग त्याच्या आधीचं वाचलं.

“अगं, यात कुणी काही केलंय की नाही?” तिने विचारलं.

मी काही बोलले नाही. थोडा वेळ ती चिडून पानं उलटीसुलटी करत राहिली आणि मग पहिल्या पानापासून वाचायला लागली.