अधिवासाचा पुरावा

'अधिवास' हा शब्द माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आला तो बारावीनंतर, इंजिनिअरिंगच्या ऍडमिशनच्या वेळी. १५ वर्षं महाराष्ट्रात राहतोय हे सिद्ध करायला शाळेचा दाखला, रेशनकार्ड असं बाड घेऊन बाबा आणि मी रांगेत उभे होतो. नंतर त्या शब्दाशी माझा काही संबंध आला नाही.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी आमच्या तिसरीतल्या भाचीबाई मुलुंडला मुक्कामाला आल्या. बरोबर चपलांचं रिकामं खोकं आणि कापूस. "मामा, हॅबिटॅटचं प्रोजेक्ट आहे. मी बर्फातला पेंग्विन करणार."

आता हिने पेंग्विन पाहिलेत ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत. २०१६ साली आणलेले ते हम्बोल्ट पेंग्विन मुळात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फाशी त्यांचा संबंध नाही. हे सांगितल्यावर कापूस बाजूला पडला आणि चेहराही. मग मीच म्हटलं, आपल्या घरात कोण कोण राहतं ते शोधू. पण नियम एकच.. पुरावा हवा!

सवयीने मी टेबल आखलं. अन्न, लपायची जागा, पिल्लांची जागा, पुरावा. चार कॉलम.

पहिली एंट्री पालीची. अन्न: ट्यूबलाइटवरचे किडे. लपायची जागा: आजोबांच्या फोटोमागे. पुरावा: काळी लेंडी, टोकाला पांढरा ठिपका. दुसरं कबुतर, एसीच्या बाहेरच्या युनिटवर. पुरावा लिहायची गरजच नव्हती, सगळ्या युनिटभर होता.

"बिबट्या लिहू?" खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात, म्हणून प्रश्न. म्हटलं लिही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं ते जंगल, आणि २०१८ च्या मोजणीत तिथे आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे मिळाले होते. पुरावा? कॅमेऱ्यातले फोटो. प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. विष्ठेतल्या केसांवरून काय खाल्लं तेही कळतं. हरणं तर आहेतच, पण भटकी कुत्रीसुद्धा. म्हणजे त्याचा अन्नाचा कॉलम पार्कच्या कुंपणापाशी संपत नाही. 'बिबट्या वस्तीत घुसला' अशी बातमी वाचताना मी हा विचार कधी केला नव्हता, खरं सांगतो.

चौथी एंट्री तिने शोधली. लँडलाइनच्या जुन्या सॉकेटवर मातीचा गोळा. कुंभारमाशीचं घर. आई लगेच म्हणाली, "ती अळीला आणून कोंडते आणि भुणभुण करून आपल्यासारखी करते." संतांचा लाडका दृष्टांत! मी इंजिनिअर, मला राहवेना. सांगितलं की माशी अळीला डंख मारून लुळी करते, पण मारत नाही, म्हणजे ती कुजत नाही. तिच्याजवळच अंडं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खातं, कोषात जातं आणि मग माती फोडून माशी होऊन बाहेर पडतं.

भाचीबाई गप्प. बऱ्याच वेळाने, "म्हणजे आत्ता आत अळी जिवंत असेल?"

"असेल."

"मग हे घर आहे की डबा?"

काय उत्तर द्यायचं सांगा! म्हटलं दोन्ही. एकाचं घर असतं तिथे दुसऱ्याचं काहीतरी चुकतंच. पालीला किडे लागतात आणि बिबट्याला कुत्री. चित्रातल्या जंगलात हे दाखवत नाहीत, एवढंच. तिने 'पिल्लांची जागा' आणि 'अन्न' या दोन्ही कॉलममध्ये 'मातीचं घर' लिहिलं आणि पेन्सिल ठेवून दिली. जेवताना फारशी बोलली नाही. आईची गोष्ट बरी होती का, असं मला उगाच वाटत राहिलं.

आता अडचण अशी, की दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत असले गोळे स्क्रूड्रायव्हरने खरवडायचं काम माझंच. रविवारी आई झाडू घेऊन आलीच. भाची सॉकेटसमोर उभी. "आजी, नको." अळीसाठी म्हणाली की माशीसाठी, ते मी विचारलं नाही. आई क्षणभर थांबली. "लेकुरवाळी आहे ना.. राहू दे."

दिवाळी तशीच झाली. नंतर एका बुधवारी ऑफिसला निघताना दिसलं, गोळ्याला एक गोल भोक. आत काही नाही. फोटो काढून ताईला पाठवला. पाच मिनिटांत भाचीचा व्हॉइस मेसेज.

"मामा, शेवटचा कॉलम भर. आणि ते आता पण काढायचं नाही, तो पुरावा आहे."

सॉकेट अजून तसंच आहे.